आधी उलटं करून बघा: मुंबईत जुन्या वस्तू घेताना

गिरगावातल्या आमच्या चाळीच्या खोलीतून आजीचं तांब्याचं घंगाळ मी शाळेत असताना मोडीत गेलं. त्याच्या बदल्यात स्टीलचे दोन डबे आणि एक पातेलं आलं, आणि सौदा फायद्याचा झाला म्हणून घरात सगळे खूश होते. गेल्या वर्षी चोर बाजारात अगदी तसंच घंगाळ दिसलं. त्यात कुणी तरी मनीप्लांट खोचून ठेवला होता. "ये प्लांटर है मॅडम, हॉटेलवाले लॉबी में रखते हैं," दुकानदार म्हणाला आणि त्याने जो आकडा सांगितला, तो आजीने ऐकला असता तर तिने आजोबांना पुन्हा एकदा ऐकवलं असतं.

मी ते घंगाळ घेतलं नाही. पण ते उलटं करून बघितलं. जुनी वस्तू घ्यायला निघालेल्या माणसाला मी पहिली हीच सवय लावून घ्यायला सांगते. दर्शनी बाजूला पॉलिश असतं आणि दुकानदाराची गोष्ट असते. खरी माहिती तळाला, पाठीला आणि खणाच्या आतल्या बाजूला सापडते.

निघण्याआधी

घरातली जागा आधी ठरवा, वस्तू नंतर. वाक्य शहाणपणाचं वाटतं, पण मी ते ठेच लागल्यावर शिकले. ओशिवऱ्याहून हौसेने आणलेलं सागवानी कपाट आमच्या इमारतीच्या जिन्यात दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकलं. आडवं केलं, तिरकं केलं, वरच्या बिऱ्हाडातल्या काकांनी येऊन सूचना केल्या. लिफ्टचा तर प्रश्नच नव्हता, तिच्यात चार माणसं उभी राहिली की पाचवा दार लागायची वाट बघतो. शेवटी सुतारकाका आले, त्यांनी कपाटाच्या माथ्यावरचा नक्षीचा मुकुट दोन्ही हातांनी वर उचलला आणि तो डब्याच्या झाकणासारखा निघून आला. जुनी मोठी कपाटं बऱ्याचदा अशी सुट्या भागांची असतात. तेव्हा घेतानाच विचारा, "हे खोलता येतं का?" आणि दुकानातच खोलून दाखवायला लावा.

म्हणून मापं घ्यायची ती अशी: भिंत, मुख्य दरवाजाची चौकट, लिफ्टचं दार, लिफ्टची खोली आणि जिन्याचं वळण. सगळी फोनमध्ये लिहून ठेवा. भिंतीचा फोटोही काढा, कारण दुकानातल्या गर्दीत आपल्या घराचा रंगसुद्धा आठवत नाही. पिशवीत मोजपट्टी, छोटं लोहचुंबक, भिंग, जुनी चादर आणि सुतळी. बॅटरी फोनची चालते. कपडे साधे घाला, हात काळे होणारच आहेत.

कुठे जायचं

चोर बाजार म्हणजे मुख्यतः मटण स्ट्रीट आणि आजूबाजूच्या गल्ल्या, भेंडी बाजाराला लागून. ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून दोन टाकीच्या दिशेने चालत जाता येतं. सँडहर्स्ट रोडहूनही फार लांब नाही. तिथली दुकानं शुक्रवारी बंद असतात, पण त्याच दिवशी पहाटेपासून रस्त्यावर जुन्या मालाचा बाजार भरतो. हे दोन वेगळे अनुभव आहेत. दुकानात झुंबरं, घड्याळं, दाराच्या मुठी, सिनेमाची पोस्टरं निवडून मांडलेली असतात आणि भावही निवडलेले असतात. शुक्रवारच्या फुटपाथवर चादरीवर एका बाजूला मिक्सरची जार, दुसऱ्या बाजूला डावीच चप्पल, आणि मध्येच एखादी सुरेख पितळी समई. नजर तयार नसेल तर फुटपाथ थकवतो. माझा सल्ला: पहिल्या दोन खेपा दुकानांच्या करा, काहीही न घेता. भेंडी बाजाराचा पुनर्विकास सुरू असल्यामुळे काही दुकानं हललीही आहेत, तेव्हा जुन्या आठवणीवर जाऊ नका, तिथे विचारा.

मोठ्या लाकडी सामानासाठी जोगेश्वरी पश्चिमेचं ओशिवरा. राममंदिर स्टेशन झाल्यापासून तिकडे जाणं सोपं झालंय. इथे जुनं फर्निचर खोलून, घासून, जोडून नवं करतात. काम डोळ्यासमोर चालू असतं हा मोठा फायदा. पॉलिश चढायच्या आधीचं कपाट बघायला मिळालं तर लगेच बघा. पॉलिशनंतर सगळी लाकडं सख्खी भावंडं दिसतात.

पितळ-तांब्यासाठी पायधुणीजवळचा तांबाकाटा. तिथे नवं आणि जुनं दोन्ही असतं, आणि मुख्य म्हणजे वजनाचा भाव कळतो. कुलाब्यात रीगल सिनेमासमोर फिलिप्स अँटिक्स हे 1860 पासूनचं दुकान आहे. खिशाला झेपो न झेपो, अस्सल जुना नकाशा किंवा चिनी मातीची जुनी बशी कशी दिसते हे डोळ्यात भरून घ्यायला एकदा जरूर जा.

पण माझ्या घरातल्या सर्वात चांगल्या वस्तू यांपैकी कुठूनच आलेल्या नाहीत. त्या पुनर्विकासाला गेलेल्या इमारतींमधून आल्या. गिरगाव, दादर, परळ, विलेपार्ल्यात इमारत रिकामी व्हायला लागली की महिनाभर आधी माळे खाली उतरतात. फडताळं, पाट, चिनी मातीच्या बरण्या, शिसवी आरामखुर्च्या, "नव्या फ्लॅटमध्ये हे कुठे ठेवणार?" म्हणून निघतात. नातेवाइकांना, वॉचमनला, गल्लीतल्या भंगारवाल्याला सांगून ठेवा. भंगारवाला फोन करतो, फक्त त्याच दिवशी जावं लागतं.

लाकूड

खण पूर्ण बाहेर ओढा आणि उलटा धरा. जुन्या हाताच्या कामात खणाच्या कोपऱ्याला एकमेकांत अडकलेले दात दिसतात, कबुतराच्या शेपटीसारखे पसरट, आणि ते सगळे अगदी एका मापाचे नसतात. तळाच्या फळीवर बोट फिरवलं तर रंध्याच्या हलक्या लाटा जाणवतात. तिथे जर प्लायवूड, स्टेपलच्या पिना किंवा ताज्या गोंदाचे ओघळ असतील तर दर्शनी नक्षी कितीही जुनी असो, डबा नवा आहे.

स्क्रूकडे बघा. अधिकच्या खुणेसारखी खाच असलेले स्क्रू 1930 च्या दशकात आले. "शंभर-सव्वाशे वर्षांचं" कपाट आणि बिजागरीला तसले स्क्रू, म्हणजे निदान बिजागरी तरी बदललेली आहे. यावरून माल खोटा ठरत नाही. दुरुस्ती झालेलं कपाट वापरायला उलट बरं. पण मग भाव दुरुस्त केलेल्या कपाटाचा, अस्पर्श कपाटाचा नव्हे.

मुंबईत प्रत्येक लाकूड "बर्मा टीक" असतं, असं समजून चला. बर्माचं की मध्य प्रदेशाचं यात वेळ घालवू नका. सागवान आहे का एवढंच बघा. पायाच्या तळाला, जिथे पॉलिश नसतं, तिथे नखाने किंचित खरवडा: सागाला चामड्यासारखा तेलकट वास येतो. शिसवी उचलल्याबरोबर कळतं, मनगट सांगतं. सागाचा आतला गाभा वाळवीला दाद देत नाही, पण साल-बाजूचं फिकट लाकूड देतं. त्यामुळे कपाटाच्या पाठीला आणि तळाला लावलेल्या फिकट फळ्या टोचून बघा. छोटी गोल भोकं दिसली तर घाबरून जाऊ नका. भोकाची कड काळपट आणि आत धूळ असेल तर कीड केव्हाच गेली. भोकाखाली पिठासारखा फिकट भुगा पडलेला असेल तर पाहुणे अजून घरात आहेत.

आणि ढेकूण. वेताच्या खुर्चीला वेत जिथे लाकडात शिरतो ती कड, पलंगाच्या सांध्यांच्या फटी, बॅटरी मारून बघाच. काळे ठिपके दिसले तर कितीही मनात भरलेली असो, खुर्ची तिथेच ठेवा. मुंबईच्या इमारतीत ढेकूण आणणाऱ्याचं नाव पुढच्या तीन सर्वसाधारण सभांमध्ये निघतं.

पावसाळ्यात खण तपासू नका असं मी म्हणेन. जुलैत लाकूड फुगलेलं असतं, चांगला खणही अडकतो आणि दुकानदार म्हणतो "पाऊस आहे ना." तो खोटं बोलत नसेलही, पण तुम्हाला कळणार कसं?

पितळ, तांबं

आधी चुंबक. चिकटलं तर आत लोखंड, वर मुलामा. न चिकटलं तर पितळ असेलच असं नाही, पण निदान लोखंड नाही.

जुनेपणा झिजेवरून कळतो. घंगाळाच्या कड्या जिथे कानात फिरतात तिथे धातू गुळगुळीत, पातळ झालेला असतो. समईच्या मध्यावर, जिथे रोज हात लागतो, नक्षी बोथट झालेली असते आणि खोबणीत काळं साचलेलं असतं. नव्या मालाला रसायन मारून जुना करतात तेव्हा हिरवट डाग उंचवट्यावरही असतात, खोबणीतही असतात, सगळीकडे सारखे. हात असा सगळीकडे सारखा लागत नाही. मुरादाबादला पितळी कामाचा मोठा उद्योग आहे आणि रुरकीला जहाजी होकायंत्रं, दुर्बिणी नव्याने बनतात. त्यांत वाईट काही नाही, फक्त त्या जहाजावरून उतरलेल्या नसतात. लंडनच्या कंपनीचं नाव आणि जुनं साल ठसठशीत कोरलेली चकचकीत दुर्बीण दिसली की मी हसून पुढे जाते.

आपल्याकडच्या भांड्यांची खूण वेगळी. ती उलटी करा, किंवा काठाखाली बघा. ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं नाव सापडतं. माझ्याकडच्या एका गुंडावर आहे: "चि. सौ. कां. इंदूस मामाकडून", पुढे शके आणि एक पुसट आकडा. शके असेल तर त्यात 78 मिळवा, इसवी सन येतो. एखाद-दुसरं वर्ष इकडेतिकडे. असं नाव कुणी नकली माल विकायला घालत नाही. दुकानदार मात्र ते दोष मानतो, घासून काढतो किंवा त्यासाठी भाव कमी करतो. कमी करू द्या.

भांडं स्वयंपाकात वापरणार असाल तर कल्हईचा खर्च धरा आणि आंबट पदार्थ कल्हईशिवाय त्यात घालू नका. शोभेसाठी असेल तर चकाकी येईपर्यंत घासायची गरज नाही. चिंचेच्या कोळाने एकदा पुसलं की पुरे.

घड्याळं आणि फोनो

इथे मी फसले आहे. लंबकाचं भिंतीवरचं घड्याळ, तबकडीवर अन्सोनिया या अमेरिकन कंपनीचं नाव, आठवड्याची चावी, टोल असा खणखणीत की दुकानातच गिरगाव आठवलं. विकणाऱ्याने शपथेवर सांगितलं, सगळं ओरिजिनल. दोन महिन्यांनी बंद पडलं म्हणून घड्याळजीकडे नेलं. त्याने पाठ उघडली, भिंग लावलं आणि विचारलं, "पेटी कुठली, यंत्र कुठलं, काही ठाऊक आहे?" यंत्र जर्मन निघालं. पेटीच्या फळीवर आधीच्या यंत्राच्या स्क्रूची चार रिकामी भोकं होती. तबकडीचा कागद नवा छापलेला. तिन्ही गोष्टी दुकानात पाठ उघडली असती तर मलाही दिसल्या असत्या.

तेव्हा घड्याळ उघडायला लावा. रिकामी भोकं, यंत्रामागे पेटीला मारलेल्या नव्या पट्ट्या, आणि भिंगाखाली तबकडीचे आकडे: छपाईचे रंगीत ठिपके दिसले तर कागद अलीकडचा. चावी पूर्ण देऊन टोल वाजवून घ्या आणि जितके टोल पडतात तितकेच वाजल्याचं काटा दाखवतो का तेही बघा. जोडकाम केलेलं घड्याळही भिंतीवर छान दिसतं, वेळही सांगतं. फक्त त्याचा भाव जोडकामाचा असावा.

भोंग्याच्या फोनोबद्दल एकच सांगते. लखलखीत पितळी भोंगा, नवीकोरी लाकडी पेटी आणि समोर कुत्र्याचं चित्र, असं सगळं एकत्र असेल तर बहुतेक वेळा तो सजावटीसाठी नव्याने जोडलेला असतो.

चित्रं, पोस्टरं, आरसे

राजा रविवर्म्याचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या लक्ष्मी-सरस्वती आपल्या कित्येक घरांत होत्या, त्यामुळे जुन्या प्रती अजूनही निघतात, आणि नव्या नकला त्याहून जास्त. भिंग लावा. दगडी छपाईत रंगाचे दाणे वेडेवाकडे, कमीजास्त असतात. आजच्या छपाईत ठिपके शिस्तीत, फुलासारख्या गोल रचनेत उभे असतात. चौकटीच्या पाठीचा कागद, खिळे, लाकडाचा रंग हेही बघा, पण जुन्या चौकटीत नवं चित्र बसवणं सर्वात सोपं, हे लक्षात असू द्या. सिनेमाच्या पोस्टरलाही भिंगाची हीच युक्ती, आणि घड्यांच्या खुणा. जुनी पोस्टरं घडी घालूनच टॉकीजवर जात. गुळगुळीत चकचकीत कागद, एकही घडी नाही, म्हणजे शोभेचं पोस्टर. शोभेच्या भावात घ्या.

आरसा "बेल्जियमचा" असतोच. तो वाद सोडा, कडांच्या उताराला पैलू आहे का आणि पाठीचा मुलामा कुठे सुटलाय ते बघा. काळे डाग पुढे वाढत जातात. मला ते आवडतात, पण त्यात बघून टिकली लावता येणार नाही.

वस्तूच तारीख सांगते

पत्र्याचे डबे, बाटल्या, दुकानांच्या पाट्या, इनॅमलचे बोर्ड यांची मजा यातच आहे. किंमत आण्यांत छापली असेल तर माल बहुधा 1 एप्रिल 1957 च्या आधीचा, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. "नये पैसे" असेल तर फारच छान: तो शब्द 1964 मध्ये गेला, म्हणजे सात वर्षांच्या पट्ट्यात तुम्ही वस्तू पकडलीत. पत्ता बघा. "बॉम्बे 4" म्हणजे गिरगाव, "बॉम्बे 28" म्हणजे दादर. सहा आकडी पिनकोड 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाला, त्यामुळे 400 004 छापलेला डबा त्याआधीचा असूच शकत नाही, विक्रेता काहीही म्हणो. इराण्याच्या हॉटेलातली वाकवलेल्या लाकडाची खुर्ची मिळाली तर ती उलटी करून बैठकीच्या कडेला आतून बघा. कधी कधी छाप किंवा कागदाची चिठ्ठी शिल्लक असते. "चेकोस्लोव्हाकिया" वाचता आलं तर 1918 ते 1992 मधली. "वेस्ट जर्मनी" असेल तर 1949 ते 1990.

भाव

सकाळी लवकर जा. भवानीचं गिऱ्हाईक दुकानदार सहसा रिकाम्या हाताने जाऊ देत नाही. आवडलेल्या वस्तूकडे आधी जाऊ नका. शेजारच्या दोन वस्तूंचा भाव विचारा, मग तिच्याकडे वळा. "अर्ध्यावरून सुरू करा" हा जुना मंत्र मला पटत नाही. काही जण आकडा पाचपट सांगतात, काही जण वाजवी. त्याऐवजी स्वतःचा आकडा मनात ठरवा: वस्तूचा भाव, अधिक दुरुस्ती, अधिक टेम्पो. पितळ असेल तर वजनाचा भाव तळाशी धरा, त्याच्या वर जे मागतात ते कारागिरीचं आणि वयाचं. खोट दाखवताना माल वाईट म्हणू नका, दुरुस्तीला काय लागेल ते विचारा. "चाचा, याची चिमणी कुठे मिळेल?" या प्रश्नाने माझ्यासाठी कंदिलाचा भावही उतरला आणि चिमणीही मिळाली.

वय सांगून भाव लावला असेल तर बिलावर ते वय लिहून मागा. बहुतेकदा तिथेच पन्नास वर्षं कमी होतात.

दोन गोष्टी घेऊच नका

हस्तिदंत, कितीही जुना असो. वन्यजीव कायद्याखाली त्याची खरेदी-विक्री गुन्हा आहे. आणि देवळातून आल्यासारखी दिसणारी दगडी किंवा धातूची जुनी मूर्ती, कोरीव खांब. 1972 चा पुरावस्तू कायदा 1976 पासून लागू आहे. शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तू विकायला परवाना लागतो, मूर्तींसारख्या वस्तूंची नोंदणी लागते, आणि परदेशी नेता येत नाहीत. कागद नसेल तर हात लावू नका. भाचा अमेरिकेहून आलाय आणि त्याला "काहीतरी अँटिक" न्यायचंय, तर त्याला नवी समई घेऊन द्या.

घरी आणताना

रिक्षा सायन-माहीमच्या पलीकडे शहरात येत नाही, तेव्हा चोर बाजारातून टॅक्सी किंवा छोटा हत्ती टेम्पो. टेम्पोचा भाव वस्तूच्या भावाआधी विचारा, आणि "घरपोच" म्हणजे गेटपर्यंत की चौथ्या मजल्यापर्यंत हेही. आरसा आणि काच स्वतः मांडीवर घेऊन या. झुंबर, दिवा, जुना रेडिओ घरात थेट प्लगला लावू नका. वायर आतून वाळून तुटलेली असते. लोहार चाळीत होल्डर, वायर, बटणं सगळं मिळतं, वायरमनकडून पूर्ण नवी वायरिंग करून घ्या. लहान मूल असेल तर जुन्या तैलरंगाचे पोपडे सुटलेला पाळणा किंवा खेळणं आणू नका, त्या रंगात शिसं असू शकतं.

लाकडी वस्तू आल्या आल्या खोलीत घेऊ नका. गॅलरीत ठेवा, खण बाहेर काढून दोन-तीन दिवस उन्हात, फटींतून ब्रश फिरवून. पॉलिशवाला लगेच "चकाचक मेलामाइन" सुचवेल. लाखेचं साधं पॉलिश सांगा, चरा पडला तर पुन्हा मारता येतं. मग प्रत्येक पायाखाली आणि भोकं असतील तिथे काळा कागद अंथरा आणि दोन आठवडे विसरून जा. कागदावर फिकट भुगा पडला तर किडीचं औषध पिचकारीने भोकात घालायचं, भोकं मेणाने बुजवायची आणि कागद बदलून पुन्हा दोन आठवडे. कागद स्वच्छ निघाला की खुर्ची आत.